पटलाच्या दोन बाजू : आयन आणि पाणी यांच्या वहनमापनाचा इतिहास व वसईचे खारे पाणी

प्रस्तावना

वसईच्या पश्चिम पट्ट्यात पाणी आणि मीठ यांची फारकत करण्याची विद्या फार जुनी आहे. मिठागरात भरतीचे पाणी अडवून ते उन्हात आटवले जाते. पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. मिठागराच्या शेजारच्या वाडीवाल्याची गरज नेमकी उलट असते. त्याच्या केळीला, पानवेलीला आणि भाजीपाल्याला गोडे पाणी हवे असते आणि समुद्राचे मीठ विहिरीपासून दूर राहायला हवे असते. यासाठी येथील लोकांनी बावखले राखली. पावसाचे पाणी साठवून ते सावकाश जमिनीत मुरवणारी ही तळी वसईच्या ग्रामजीवनाचा एक अविभाज्य भाग होती. त्यांतील कित्येक आता बुजविली गेली आहेत. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या हरित वसईच्या चळवळीत टँकरने होणारा विहिरींचा उपसा हा एक प्रमुख मुद्दा होता, हे या भागातील वाचकांस नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही.

या जुन्या प्रश्नात गेल्या काही दशकांत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे बहुवारिकाचे, म्हणजे पॉलिमरचे, पातळ पटल. इमारतींच्या गच्चीवर, स्वयंपाकघरातील ओट्यावर आणि पाण्याचे जार भरून विकणाऱ्या गाळ्यांमध्ये हे पटल व्यस्त तर्षणाच्या यंत्रात, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या आर.ओ. मध्ये, काम करते. ते नीट काम करते की नाही हे पाहण्यासाठी बहुतेक ठिकाणी एकच साधन वापरले जाते : खिशात मावणारे टी.डी.एस. मोजण्याचे पेन. हे पेन पाण्याची विद्युत्-संवाहकता मोजते आणि तिला एका ठरावीक गुणकाने गुणून विरघळलेल्या क्षारांचा आकडा दाखविते. म्हणजे पटलातून किती आयन निसटले याचा अंदाज ते देते. पटलातून किती पाणी आले आणि किती पाणी पलीकडे जाऊ न शकल्याने गटारात गेले, याविषयी ते काहीही सांगत नाही.

पटलामधून होणाऱ्या आयनांच्या आणि पाण्याच्या वहनाचे मापन कसकसे घडत गेले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. या मापनाच्या इतिहासात कधी केवळ पाणी मोजले गेले, कधी केवळ विद्राव्य. दोन्ही प्रवाह एकमेकांत गुंतलेले आहेत आणि एकाकडे दुर्लक्ष केल्यास दुसऱ्याचा आकडाही चुकतो, हे कळण्यास सुमारे दोनशे वर्षे लागली. या वाटचालीतील एक महत्त्वाचा टप्पा वसईपासून फार दूर नसलेल्या तुर्भे येथे, भाभा अणुसंशोधन केंद्रात, पार पडला. निःक्षारीकरणाचा आपल्याकडील इतिहास बहुधा प्रकल्पांच्या आणि क्षमतेच्या याद्यांमधून सांगितला जातो. त्यामुळे प्रयोगशाळेतील हे काम त्यात सहसा येत नाही.

मूत्राशयापासून तर्षणदाबापर्यंत

आबे नोले या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने १७४८ मध्ये मद्यार्काने भरलेल्या भांड्याच्या तोंडावर डुकराचे मूत्राशय ताणून बांधले आणि ते भांडे पाण्यात बुडविले. काही तासांत ते पटल फुगून वर आले. पाणी आत शिरत होते, परंतु मद्यार्क त्या प्रमाणात बाहेर पडत नव्हता. नोलेने जे पाहिले ते पाण्याचे वहन होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात द्युत्रोशे याने याच घटनेचा पद्धतशीर अभ्यास केला. थॉमस ग्रॅहॅम याने १८६१ मध्ये चर्मपत्राच्या साहाय्याने स्फटिकी आणि कलिली पदार्थ वेगळे केले व त्या क्रियेस नाव दिले, ती आपली अपोहनाची क्रिया. ग्रॅहॅमचे लक्ष विद्राव्यावर होते. त्या काळात पटलातून किती पाणी उलट दिशेने गेले हे त्याच्या दृष्टीने गौण होते.

१८७७ मध्ये विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने सच्छिद्र मातीच्या भांड्याच्या भिंतीत कॉपर फेरोसायनाइडचे पटल तयार करून साखरेच्या द्रावणाचा तर्षणदाब मोजला. या आकड्यांच्या आधारे व्हान्ट हॉफ याने पुढील दशकात विरल द्रावणांचा सिद्धान्त मांडला. १९०१ चे रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यास मिळाले. आज पाठ्यपुस्तकांत तर्षण किंवा परासरण या प्रकरणाची सुरुवात येथूनच होते व बहुधा येथेच ते प्रकरण संपते. त्यात पटल ‘अर्धपार्य’ असते, म्हणजे पाण्यास पूर्ण मोकळे आणि विद्राव्यास पूर्ण बंद असते, असे गृहीत धरलेले असते. असे पटल प्रत्यक्षात नसते. विद्यार्थ्यांच्या मनात मात्र ते घर करून बसते, आणि आर.ओ. विषयीच्या अनेक गैरसमजांचे मूळ या एका व्याख्येत सापडते असे माझे मत आहे.

दरम्यान एक प्रयोग जवळजवळ विस्मृतीत गेला होता. मॉस्को येथे रॉइस याने ओल्या मातीतून विद्युत्प्रवाह सोडला असता पाणी एका ध्रुवाकडे सरकते, हे १८०९ मध्ये प्रसिद्ध केले होते. विद्युत्-तर्षण या नावाने पुढे ओळखली गेलेली ही घटना सांगत होती की आयन चालू लागले की ते पाणी ओढत नेतात. तिचे महत्त्व भारित पटले हाती आल्यानंतरच लक्षात आले.

भारित पटल आणि चुकलेला आकडा

फ्रेडरिक डोनन याने १९११ मध्ये दाखविले की ज्या पटलातून एखादा आयन जाऊ शकत नाही, त्याच्या दोन बाजूंस इतर आयनांची विषम वाटणी होते आणि विभवांतर निर्माण होते. १९३५ मध्ये टेओरेल याने आणि पुढच्याच वर्षी मायर व सीव्हर्स यांनी, पटलाच्या अंगातच स्थिर विद्युत्भार बसलेले असतात अशी कल्पना करून, पटलविभवाचा सिद्धान्त मांडला. १९३५ हेच वर्ष अ‍ॅडम्स व होम्स यांच्या कृत्रिम आयन-विनिमयी रेझिनांचे. या दोन धाग्यांची गाठ १९५० मध्ये बसली, जेव्हा जुडा व मॅकरे यांनी रेझिनांपासून पातळ, मजबूत आणि चांगली संवाहकता असलेली आयन-विनिमयी पटले तयार केली. विद्युत्-अपोहनाने खारे पाणी गोडे करण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला.

आता प्रश्न मापनाचा होता. पटलाच्या दोन्ही बाजूंस एकाच क्षाराची दोन वेगवेगळ्या संहतींची द्रावणे ठेवावीत व त्यांमधील विभवांतर मोजावे, ही सर्वांत सोपी पद्धत. पटल केवळ धन आयनांनाच जाऊ देत असेल तर क्रियाशीलतेच्या दहापट फरकास २५ अंश सेल्सिअस तापमानात सुमारे ५९ मिलिव्होल्ट विभव मिळावयास हवे. मिळणारे विभव त्याहून कमी असते. ही तूट ऋण आयनांच्या गळतीमुळे आहे असे मानून आयनांची वहनसंख्या काढली जात असे.

१९५३ मध्ये जॉर्ज स्कॅचर्ड याने या हिशेबातील उणीव दाखविली. विभवातील तुटीचा एक भाग आयनांबरोबर जाणाऱ्या पाण्यामुळे असतो. पाण्याचा वाटा वजा केला नाही तर पटल आहे त्यापेक्षा अधिक ‘गळके’ दिसते, आणि द्रावण जितके संहत तितकी ही चूक मोठी होते. म्हणजे जी राशी केवळ आयनांची म्हणून मोजली जात होती, तिच्यात पाणी आधीच मिसळलेले होते. या लेखाच्या दृष्टीने हा क्षण मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. पाणी मोजल्याखेरीज आयनांचाही खरा आकडा मिळत नाही, ही गोष्ट येथे प्रथमच समीकरणाच्या रूपात समोर आली.

पाणी मोजावयाचे कसे, हे सांगणे सोपे आणि करणे कठीण होते. पटलाच्या दोन्ही बाजूंच्या कक्षांना केशनलिका जोडाव्यात, ठरावीक विद्युत्प्रभार सोडावा आणि नलिकेतील पाणी किती सरकले ते पाहावे. परंतु विद्युतग्रांवर होणाऱ्या रासायनिक क्रियेनेही कक्षातील द्रवाचे आकारमान बदलते, तापमानातील किंचित चढउतारानेही नलिकेतील पातळी हलते, आणि पटल स्वतःच कागदासारखे फुगते-वाकते. मद्रास विद्यापीठात एन. लक्ष्मीनारायणय्या व व्ही. सुब्रह्मण्यन यांनी १९६० च्या दशकात पटलविभव आणि वहनसंख्या यांच्या मापनावर जे काम केले, त्यात या अडचणींची बारकाईने दखल घेतलेली आढळते. लक्ष्मीनारायणय्या यांनी १९६५ मध्ये ‘केमिकल रिव्ह्यूज’मध्ये लिहिलेला कृत्रिम पटलांतील वहनावरील विस्तृत आढावा आणि १९६९ मधील त्यांचा ग्रंथ या विषयाचे प्रमाणभूत संदर्भ ठरले. आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत हे नाव क्वचितच घेतले जाते, याचे आश्चर्य वाटते.

दोन प्रवाह, दोन गुणांक

१९५८ मध्ये ओरा केडेम व अहरॉन कात्चाल्स्की यांनी अप्रत्यावर्ती ऊष्मागतिकीच्या आधारे असे मांडले की एका विद्राव्याच्या द्रावणात पटलाचे वर्तन सांगण्यास तीन गुणांक लागतात : पाण्याच्या वहनाचा, विद्राव्याच्या वहनाचा, आणि या दोहोंच्या परस्परसंबंधाचा. स्टाव्हरमन याने १९५१ मध्ये सुचविलेला परावर्तन गुणांक हा त्यांतील तिसरा. आदर्श अर्धपार्य पटलासाठी त्याचे मूल्य १ असते. पटल पाणी व विद्राव्य यांत काहीही भेद करीत नसेल तर शून्य.

हा सिद्धान्त तयार होत असतानाच अमेरिकेत समुद्राचे पाणी गोडे करण्याचे प्रयत्न चालू होते. फ्लोरिडा विद्यापीठात रीड व ब्रेटन यांनी १९५९ मध्ये दाखविले की सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे पटल मीठ उत्तम अडविते. आयनांच्या बाजूने पाहिले तर प्रश्न सुटलाच होता. परंतु त्यातून पाणी इतके अल्प येई की त्याचा व्यवहारात उपयोग नव्हता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील प्रयोगशाळेत सिडनी लोब आणि भारतीय वंशाचे श्रीनिवास सौरीराजन यांनी पाण्याची ही बाजू सोडविली. बाजारात मिळणारे एक सच्छिद्र पटल ते पाण्यात तापवून वापरून पाहत होते. कधी मीठ अडविले जाई, कधी नाही. पटलाची एक विशिष्ट बाजू खाऱ्या पाण्याकडे असेल तरच ते काम करते, हे त्यांच्या ध्यानात आले. पटलाच्या दोन बाजू सारख्या नव्हत्या. यातूनच पुढे असममित पटल आले : वर अत्यंत पातळ, दाट त्वचा आणि खाली तिला आधार देणारा सच्छिद्र थर. मीठ अडविण्याची क्षमता पूर्वीसारखीच राहिली, पाण्याचा प्रवाह मात्र अनेक पटींनी वाढला. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील कोलिंगा या गावी अशा पटलांवर खारट भूजलाचे पिण्याचे पाणी होऊ लागले.

त्याच वर्षी लॉन्सडेल, मर्टेन व रायली यांनी या पटलांतील वहनाची जी मांडणी केली, तिचा उपयोग आजही प्रत्येक आर.ओ. संयंत्राच्या आखणीत होतो. पाण्याचा प्रवाह हा लावलेला दाब आणि तर्षणदाब यांच्या वजाबाकीच्या प्रमाणात असतो. मिठाचा प्रवाह मात्र दाबावर अवलंबून नसतो. तो केवळ दोन बाजूंच्या संहतींमधील फरकाच्या प्रमाणात असतो. यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. पंपाचा दाब कमी झाला तर पाणी कमी येते, पण मीठ तेवढेच येत राहते. म्हणून पलीकडचे पाणी अधिक खारट होते. जार भरणाऱ्या गाळ्यात सायंकाळी टी.डी.एस. का वाढला, याचे उत्तर कित्येकदा पटलात नसून पंपात असते.

तुर्भे येथील प्रयोग

वरील सर्व पद्धतींमध्ये एक समान मर्यादा आहे. संहतीतील फरक, दाबातील फरक किंवा विद्युत्क्षेत्र, असे काही तरी ढकलणारे बळ लावल्याखेरीज मोजण्याजोगा प्रवाहच निर्माण होत नाही. आणि बळ लावले की आयन व पाणी एकमेकांना ओढू लागतात. पटलाच्या आत, समतोलावस्थेत, एकटा सोडियम आयन किती वेगाने भटकतो, किंवा पाण्याचा एक रेणू किती वेगाने, हे कसे मोजावयाचे?

याचे उत्तर किरणोत्सारी अनुरेखकांनी दिले. जॉर्ज हेवेशी याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनुरेखकांची पद्धत विकसित केली व १९४३ चे नोबेल पारितोषिक त्यास त्यासाठी मिळाले. कोपनहेगन येथे हान्स उसिंग याने १९४० च्या दशकाच्या अखेरीस बेडकाच्या त्वचेतून होणारे सोडियमचे वहन किरणोत्सारी सोडियमच्या साहाय्याने मोजले. कृत्रिम पटलांच्या बाबतीत कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात हॉवर्ड येगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून नाफिऑन या पटलावर अशी मापने केली.

नाफिऑनविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. ड्यूपॉन्ट कंपनीत वॉल्टर ग्रोट यांनी १९६० च्या दशकात विकसित केलेले हे बहुवारिक टेफ्लॉनसारख्या कण्यावर सल्फोनिक आम्लाचे गट बसवून तयार होते. त्याचा कणा पाण्याला नकोसा करतो आणि गट पाण्याला ओढून घेतात. त्यामुळे पटलाच्या आत पाण्याची अतिसूक्ष्म दालने आणि त्यांना जोडणाऱ्या अरुंद वाटा तयार होतात. मिठाच्या द्रावणापासून क्लोरीन व कॉस्टिक सोडा बनविण्याच्या उद्योगात अशा पटलांमुळे पाऱ्याच्या विद्युत्घटांना पर्याय मिळाला. वसईच्या दृष्टीने हा तपशील दूरचा नाही. उल्हास नदीच्या खाडीतील गाळात पाऱ्याचे वाढलेले प्रमाण राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबई केंद्राच्या अभ्यासांतून नोंदले गेले आहे आणि त्याचा संबंध काठावरील पारायुक्त विद्युत्घटांशी जोडला गेला आहे. हीच नदी वसईच्या खाडीतून समुद्रास मिळते. पटलाच्या घटात पारा नसतो. मात्र तेथेही पाण्याचा हिशेब चुकवून चालत नाही : प्रत्येक सोडियम आयन पटल ओलांडताना साधारण साडेतीन ते साडेचार पाण्याचे रेणू बरोबर नेतो, आणि पलीकडे तयार होणाऱ्या कॉस्टिकची संहती त्यावर अवलंबून असते.

तुर्भे येथील अणुऊर्जा आस्थापना १९५४ मध्ये सुरू झाली आणि १९६७ मध्ये तिला भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव मिळाले. किरणोत्सारी समस्थानिके हाताळण्याची व अचूक मोजण्याची परंपरा तेथे दृढ होती. शिवाय अणुइंधनाच्या पुनःप्रक्रियेतून निघणाऱ्या द्रवांतून सीझियमसारखे आयन वेगळे करणे हा तेथील जिव्हाळ्याचा प्रश्न होता, व त्यासाठी पटले हे एक संभाव्य साधन होते. या केंद्राच्या किरणोत्सारी रसायन विभागातील ए. गोस्वामी, ए. के. पांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी नाफिऑन-११७ या पटलातील एकसंयुजी व द्विसंयुजी धन आयनांच्या स्वयं-विसरणाचा अभ्यास २००१ मध्ये ‘जर्नल ऑफ फिजिकल केमिस्ट्री बी’मध्ये प्रसिद्ध केला. पाण्याच्या स्वयं-विसरणाचा अभ्यास २००५ मध्ये ‘जर्नल ऑफ मेम्ब्रेन सायन्स’मध्ये आला.

प्रयोगाची रचना मोठी साधी आहे. पटलाचा एक छोटा तुकडा घ्यावयाचा. तो सोडियमयुक्त करावयाचा आणि त्या सोडियमच्या अत्यल्प भागाऐवजी किरणोत्सारी सोडियम-२२ बसवावयाचा. मग तो तुकडा साध्या, किरणोत्सारी नसलेल्या सोडियम क्षाराच्या ढवळत्या द्रावणात सोडावयाचा. रासायनिक दृष्ट्या काहीच बदलत नाही. आत सोडियम आहे, बाहेरही सोडियम आहे. संहती तीच, विद्युत्क्षेत्र नाही, दाब नाही. केवळ खूण केलेले आयन बाहेर येतात आणि बिनखुणेचे आत जातात. ठरावीक अंतराने गॅमा किरणांची मोजणी करून किती आयन बाहेर पडले हे पाहिले की फिकच्या विसरणाच्या समीकरणावरून स्वयं-विसरणाचा गुणांक मिळतो. सीझियमसाठी सीझियम-१३७ वापरता येते. पाण्यासाठी ट्रिटियमयुक्त पाणी वापरावयाचे. ट्रिटियमचा बीटा किरण फार दुबळा असल्याने त्याची मोजणी द्रव-प्रस्फुरण पद्धतीने करावी लागते.

नाफिऑन-११७ ची जाडी सुमारे १८० मायक्रोमीटर असते. त्यातील सोडियमचा स्वयं-विसरण गुणांक दर सेकंदास एक चौरस सेंटिमीटरच्या दशलक्षांशाच्या आसपास आहे. या आकड्यावरून हिशेब केला तर तुकड्यातील अर्धा सोडियम पाव मिनिटाच्या आसपास बाहेर येतो. प्रयोग करणाऱ्याच्या हाताला किती चपळाई लागत असेल याची कल्पना यावरून यावी. जाडी दुप्पट केली तर वेळ चौपट मिळतो, पण दुप्पट जाडीचे तेच पटल बाजारात मिळत नाही.

निष्कर्षांपैकी एक गोष्ट वर्गात आवर्जून सांगण्यासारखी आहे. साध्या पाण्यात सीझियम आयन सोडियमपेक्षा वेगाने फिरतो, कारण त्याभोवती पाण्याचे कवच सैल असते. पाण्यातील गुणांक सोडियमसाठी सुमारे १.३३ आणि सीझियमसाठी सुमारे २.०६ आहेत, दोन्ही दर सेकंदास चौरस सेंटिमीटरच्या एक लक्षांशाच्या परिमाणात. पटलाच्या आत हा क्रम उलटतो. तेथे सीझियम सोडियमपेक्षा कितीतरी मंद असतो. सोडियम पाण्याच्या तुलनेत सुमारे तेरा पटींनी मंदावतो, सीझियम त्याहून अनेक पटींनी. सीझियम आपल्याबरोबर पाणी कमी आणतो. त्यामुळे सीझियमयुक्त पटल कमी फुगते, त्यातील वाटा अरुंद राहतात, आणि आयन सल्फोनेट गटांच्या अधिक निकट राहतो. आयनाचा वेग ठरविताना त्याने सोबत आणलेले पाणी निर्णायक ठरते, असा याचा अर्थ. पाण्याच्या मापनातूनही हेच पुढे आले : पटलात कोणता आयन बसला आहे त्यावर त्याचा जलांश ठरतो आणि जलांश घटला की पाण्याच्या रेणूचे स्वयं-विसरणही मंदावते.

हे मापन जगात सर्वप्रथम तुर्भे येथे झाले असा दावा करण्याचे कारण नाही. कॅलगरीचे काम त्याआधीचे आहे. या अभ्यासाचे मोल मला त्याच्या एकसंधपणात दिसते. त्याच पटलावर, त्याच विभागात, आधी आयनांचे आणि मग पाण्याचे मापन झाले, आणि दोन्ही आकडे एकमेकांशेजारी ठेवता आले. मोठ्या प्रकल्पांच्या इतिहासात अशा कामास जागा मिळत नाही. कल्पाक्कम येथील अणुऊर्जेशी जोडलेला निःक्षारीकरण प्रकल्प दिवसाला ६३ लाख लिटर क्षमतेचा असून त्यांपैकी १८ लाख लिटर आर.ओ. पटलांतून येते, ही माहिती सहज सापडते. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेने, जी १९५४ मध्ये मिठाच्याच संशोधनासाठी स्थापन झाली, विद्युत्-अपोहन व आर.ओ. या दोन्हींत केलेले कामही परिचित आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने विकसित केलेली अतिगाळणीची पटले जीवाणू व विषाणू अडवितात, आयन मात्र त्यांतून मोकळेपणी जातात. तो विषय वेगळा आहे.

वसईत परत

आता पेनाकडे वळू. समजा, वसईतील एखाद्या कूपनलिकेच्या पाण्यात दर लिटरला १५०० मिलिग्रॅम क्षार आहेत. घरगुती आर.ओ. यंत्र एक लिटर पाणी देताना साधारणतः दोन ते तीन लिटर पाणी बाहेर टाकते. चार लिटर उपसले, एक लिटर मिळाले आणि पटलाने ९५ टक्के क्षार अडविले, असे धरले तर मिळालेल्या पाण्यात दर लिटरला सुमारे ७५ मिलिग्रॅम क्षार असतील. पेन ७५ हा आकडा दाखवील आणि सर्वांचे समाधान होईल. उरलेल्या तीन लिटरांत दर लिटरला सुमारे १९७५ मिलिग्रॅम क्षार असतील आणि ते पाणी मोरीतून गटारात जाईल.

किनाऱ्यावरील गावात हा तीन लिटरांचा उपसा आणखी एका हिशेबाशी जोडलेला आहे. किनारी भूगर्भात गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १.०२५ असल्याने, गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल तर त्याखाली सुमारे ४० मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी टिकते. बाडॉन खाइबेन व हेर्त्सबेर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी स्वतंत्रपणे मांडलेला हा नियम समतोलावस्थेचा आहे आणि जमिनीच्या रचनेनुसार त्यात फरक पडतो. तरीही त्याचा रोख स्पष्ट आहे. वरची पातळी अर्धा मीटर खाली गेली तर खालची सीमा वीस मीटर वर येऊ पाहते. बावखल वरची पातळी राखत असे. बावखल बुजले आणि उपसा वाढला की खारे पाणी वर येते, पेन पूर्वीपेक्षा मोठा आकडा दाखविते, नवे आर.ओ. यंत्र बसते आणि त्यासाठी पुन्हा चौपट उपसा होतो.

या उपशात घरगुती यंत्रांचा वाटा टँकरांच्या आणि बांधकामांच्या मानाने लहान असेल, हे मान्य करावयास हवे. शिवाय जेथे सूर्या, उसगाव वा पेल्हारचे धरणाचे पाणी येते, तेथे आर.ओ. यंत्राची गरजच बहुधा नसते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २० मे २०१९ रोजी याच मुद्द्यावर आदेश दिला होता : ज्या पाण्यात दर लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार आहेत तेथे आर.ओ. यंत्रांस मनाई करावी, आणि जेथे परवानगी असेल तेथे किमान ६० टक्के पाणी वापरात यावे. भारतीय मानक संस्थेच्या पेयजलाच्या मानकातही क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसल्यास २००० पर्यंत चालते. ६० टक्क्यांची अट पाण्याच्या बाजूने पाहणारी होती, आणि म्हणून ती स्वागतार्ह होती. तिची दुसरी बाजूही मोजायला हवी. वरच्याच उदाहरणात पाचांतील तीन लिटर पाणी वापरात घेतले तर उरलेल्या दोन लिटरांची संहती दर लिटरला ३६०० मिलिग्रॅमच्या वर जाते. पटलासमोरचे पाणी अधिक खारट झाल्याने आयनांची गळती वाढते, पटलावर क्षार साचण्याचा धोकाही वाढतो. उपसा वाचतो, पण बाहेर पडणारे पाणी वाडीत सोडण्याजोगे राहत नाही.

हे सर्व मोजण्यास तुर्भे येथील सामग्री लागत नाही. पदवीच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत संवाहकतामापक असतो, मोजपात्रे असतात, घड्याळ असते. यंत्राच्या दोन्ही नळ्यांखाली एकेक मोजपात्र ठेवून दहा मिनिटांत किती पाणी जमले ते पाहावे, दोन्ही पाण्यांची आणि विहिरीच्या पाण्याची संवाहकता घ्यावी, आणि आत गेलेले मीठ व बाहेर आलेले मीठ जुळते का ते तपासावे. त्यावरून पटलाच्या दोन्ही गुणांकांचा ढोबळ अंदाज मिळतो. हीच विहीर पावसाळा संपताना एकदा आणि मे महिन्यात एकदा मोजली, व सलग काही वर्षे या नोंदी ठेवल्या, तर वसईच्या पश्चिम पट्ट्यातील कोणत्या गावात खाऱ्या पाण्याची सीमा किती सरकली, याची महाविद्यालयांच्या हाती स्वतःची आकडेवारी येईल.